वाचक विचारतात : रसायन ॲलर्जीचे आहे, हे ठरते कसे?

औद्योगिक रसायनामुळे त्वचेला किंवा श्वसनमार्गाला ॲलर्जी होऊ शकते की नाही, हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारे ठरवते, असे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे जमली होती. त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे इपॉक्सी रंगाचे काम चालते. रंगाचे दोन घटक एकत्र कालवणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हातांना, मनगटांना आणि आता पापण्यांनाही खाज सुटते व पुरळ येते. हेच काम तो तीन वर्षे विनातक्रार करत होता. त्यामुळे रसायन दोषी असते तर त्रास पहिल्याच महिन्यात झाला असता, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. खात्री करण्यासाठी त्या रसायनाचा एक थेंब त्याच्या हातावर लावून पाहावा, अशीही सूचना पुढे आली आहे. काय करावे?
— रंग विभागातील एक पर्यवेक्षक

उत्तर : थेंब लावून पाहू नका, हे सर्वांत आधी सांगतो, त्याचे कारण पुढे येईल.

वरिष्ठांचा तर्क दाहक रसायनाला लागू पडतो. आम्ल, अल्कली किंवा द्रावक यांनी होणारी इजा थेट असते. पुरेशी मात्रा पुरेसा वेळ लागली की ती जवळजवळ कोणालाही होते आणि पहिल्याच दिवशीही होऊ शकते. ॲलर्जीचे तसे नाही. तेथे इजा करते ती शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा, आणि तिने ते रसायन परके म्हणून ओळखायला शिकल्याशिवाय ती काहीच करत नाही. या शिकण्याच्या टप्प्याला संवेदीकरण म्हणतात. तो टप्पा लक्षणांविना पार पडतो, त्याला किमान दीड-दोन आठवडे लागतात, आणि कित्येकदा तो वर्षानुवर्षे लांबतो. एकदा तो पूर्ण झाला की पूर्वी ज्या मात्रेने काहीही होत नव्हते त्याहून कितीतरी कमी मात्राही एक ते तीन दिवसांत इसब उठवायला पुरते. म्हणूनच तीन वर्षे काही झाले नाही, ही गोष्ट ॲलर्जीच्या विरोधातला पुरावा ठरत नाही.

इपॉक्सीबाबत संशय अधिक बळकट होण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लहान रेणू एकटा असताना प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. तो त्वचेतील प्रथिनाला कायमचा चिकटला, तरच ते बदललेले प्रथिन परके ठरते. कार्ल लँडस्टायनर आणि जॉन जेकब्स यांनी १९३५ साली गिनिपिगवरील प्रयोगांतून हेच दाखवले होते. एकाच कुळातील क्लोरो-नायट्रोबेंझिन संयुगांपैकी जी रासायनिकदृष्ट्या क्रियाशील होती ती ॲलर्जी निर्माण करत, आणि जी निष्क्रिय होती ती करत नसत. म्हणजे रेणू त्वचेत शिरण्याइतका लहान हवा (साधारण ५०० डाल्टनच्या, म्हणजे रेणूचे वजन मोजण्याच्या एककाच्या, आत, असा ठोकताळा आहे) आणि प्रथिनाला धरण्याइतका क्रियाशील हवा. इपॉक्सी रेझिनच्या मूळ घटकाचा रेणू सुमारे ३४० डाल्टनचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रियाशील इपॉक्सी गट असतात. त्यात मिसळायचा अमाइन वर्गातील हार्डनरही निर्दोष नसतो. रंग पूर्ण सुकून कडक झाला की हे रेणू एकमेकांत गुंतून जातात आणि धोका फार कमी होतो. मात्र अर्धवट सुकलेला थर घासताना उडणारी धूळ तेवढी सुरक्षित मानता येत नाही. पापण्यांना होणारा त्रास हवेतून येणाऱ्या वाफेमुळे किंवा तोंडाला लागलेल्या हातामुळे होत असण्याची शक्यता आहे.

खात्री करण्याचा मार्ग म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांकडील पॅच टेस्ट. योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. तीत संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात विरल करून पाठीवर दोन दिवस बांधून ठेवतात. पट्टी काढल्यावर एकदा, पुढे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, आणि शक्य असल्यास सातव्या दिवसाच्या आसपास पुन्हा एकदा त्वचा पाहतात. कारखान्यातले अविरल रसायन असे लावले, तर त्वचा भाजेल आणि निष्कर्षही निघणार नाही. शिवाय ज्याला ॲलर्जी नव्हती त्याला त्या एका थेंबाने ती लागू शकते. डॉक्टरांच्या नेहमीच्या संचात इपॉक्सी रेझिन असते, पण तुमच्या रंगातला नेमका हार्डनर बहुधा नसतो. म्हणून दोन्ही घटकांची सुरक्षा माहितीपत्रके बरोबर द्या, आणि निकाल येईपर्यंत त्या सहकाऱ्याला कालवण्याच्या कामावरून दूर ठेवा.

प्रश्न : पूर्वी रसायनांची ही तपासणी गिनिपिग व उंदरांवर होत असे, आता ती प्राण्यांविना करतात असे वाचले. माणसाची प्रतिकारयंत्रणा इतकी गुंतागुंतीची असताना परीक्षानळीतील चाचणी तिची जागा कशी घेऊ शकते? आणि अशा चाचणीने नकार दिला, तर त्यावर कितपत विसंबावे?
— रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, पण पहिल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

गिनिपिगवरील दोन जुन्या चाचण्या, ब्युहलर यांची १९६५ ची आणि मॅग्नुसन व क्लिगमन यांची १९६९ ची, शेवटी डोळ्यांना दिसणाऱ्या लालीवर अवलंबून होत्या. लाली किती, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरे. नंतर आलेल्या उंदरांवरील लसीका ग्रंथी चाचणीने ही अडचण दूर केली. तीत रसायन उंदराच्या कानांवर सलग तीन दिवस लावतात आणि सहाव्या दिवशी, कानाजवळच्या लसीका ग्रंथीतील पेशी किती वेगाने वाढत आहेत हे किरणोत्सारी थायमिडीनच्या साहाय्याने मोजतात. ही वाढ तुलनेच्या गटातील उंदरांपेक्षा तिप्पट किंवा अधिक झाली की रसायन ॲलर्जीकारक ठरते. तिप्पट वाढीसाठी लागणारी संहती जितकी कमी, तितके रसायन जहाल. ही संहती २ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर त्वचेच्या ॲलर्जीच्या जागतिक वर्गीकरणात १-अ हा तीव्र उपवर्ग मिळतो, अधिक असेल तर १-ब. या चाचणीने हो-नाहीच्या पलीकडे जाऊन 'किती' हा प्रश्न सोडवला, आणि माझ्या मते तिचे खरे योगदान तेच आहे.

प्राण्यांविना तपासणी शक्य झाली ती, त्वचेची ॲलर्जी कोणत्या पायऱ्यांनी घडते हे पुरेसे उलगडल्यामुळे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१२ साली ही साखळी अधिकृतपणे मांडली. रसायन प्रथिनाला चिकटते. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी धोक्याची सूचना देतात. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे त्वचेतील पहारेकरी पेशी, ते परके प्रथिन घेऊन लसीका ग्रंथीकडे निघतात. आणि तेथे त्याच प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते. पूर्ण प्रतिकारयंत्रणा नळीत उभी करण्याऐवजी यातील एकेक पायरी वेगळी तपासता येते. पहिल्या पायरीसाठी रसायन सिस्टीन आणि लायसिन ही अमिनो आम्ले असलेल्या दोन कृत्रिम पेप्टाइडांबरोबर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांबरोबर) २४ तास ठेवून, त्यांतील किती पेप्टाइड नाहीसे झाले ते मोजतात. दुसरीसाठी मानवी त्वचेच्या अशा पेशी वापरतात, ज्यांत धोक्याची सूचना मिळताच प्रकाश देणारे विकर (एन्झाइम) तयार व्हावे अशी जनुकीय सोय केलेली असते. तिसरीसाठी एका मानवी पेशीवंशाच्या पृष्ठभागावरील सीडी ८६ आणि सीडी ५४ ही चिन्हे वाढतात का, ते पाहतात.

यांपैकी कोणतीही एक चाचणी एकटीने निर्णय देण्यास समर्थ नाही. म्हणून २०२१ मध्ये ओईसीडीने ४९७ क्रमांकाचे मार्गदर्शक तत्त्व स्वीकारले. त्यातील सर्वांत सोपा नियम असा की, या तिघींपैकी दोघींचे एकमत होईल तो निकाल. तीव्रताही हवी असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या चाचणीचे गुण संगणकीय अंदाजाशी जोडतात. युरोपीय संघाने तर २०१६ पासूनच, नोंदणीसाठी आधी प्राणीविरहित माहिती द्या आणि ती अपुरी पडली तरच उंदरांकडे वळा, असा क्रम घालून दिला आहे.

आता नकाराविषयी. होकार बहुधा सरळ असतो. नकार मिळाला की मात्र उलटतपासणी करावी लागते, कारण नकाराची कारणे अनेक असू शकतात आणि रसायन निर्धोक असणे हे त्यांपैकी फक्त एक. रसायन पाण्यात विरघळलेच नाही, तर पेशींपर्यंत पोहोचणार कसे? पेशींवरील चाचण्यांत, विशेषतः तिसऱ्या पायरीच्या चाचणीत, फार तेलप्रिय पदार्थांना मिळालेला नकार म्हणूनच निर्णायक मानत नाहीत. काही रेणू मुळात निष्क्रिय असतात, पण हवेत ऑक्सिडीकरण झाल्यावर किंवा त्वचेतील विकरांनी बदल केल्यावर क्रियाशील होतात. केसांच्या कलपातील पॅरा-फेनिलिनडायअमाइन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. लिमोनिन आणि लिनालूल ही सुगंधी द्रव्ये ताजी असताना फारच सौम्य असतात. उघड्या बाटलीत महिनोन्‌महिने राहिल्यावर त्यांच्यात तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे मात्र चांगलीच ॲलर्जीकारक असतात. म्हणजे प्रयोगशाळेने कोणता नमुना तपासला, ताजा की साठवणीतला, शुद्ध की अशुद्धींसह, हे विचारल्यावाचून अहवाल वाचण्यात अर्थ नाही.

प्राण्यांवरील चाचणी हा अंतिम निकष होता, असेही समजू नये. निकेल हा माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या संपर्क-ॲलर्जींपैकी एक, पण उंदरांवरील चाचणीत तो नीट पकडला जात नाही. त्याचे कारण २०१० साली उमगले. मानवी पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहकावर (संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर) निकेल थेट बसतो, कारण तेथे योग्य जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे. उंदराच्या ग्राहकात त्या जागी ते नाही. याउलट सोडियम लॉरिल सल्फेट हा साबणातला दाहक पदार्थ त्याच चाचणीत ॲलर्जीकारक म्हणून दिसतो, जो तो प्रत्यक्षात नाही. म्हणून अनुभवी मूल्यमापक रेणूची रचना, तिच्या जवळच्या नातलग रसायनांचा इतिहास, नळीतले निकाल, जुने प्राणी-अहवाल आणि पॅच टेस्टच्या दवाखान्यांतील नोंदी हे सारे समोर ठेवून वजन करतात, आणि या पुराव्यांत विसंगती दिसली की तिचे कारण सापडेपर्यंत थांबतात.

प्रश्न : खरेदी करताना आम्ही माहितीपत्रकात एच ३१७ आहे का एवढे पाहतो. नसेल तर माल 'ॲलर्जीमुक्त' धरतो. ही पद्धत पुरेशी आहे का?
— एक खरेदी अधिकारी

उत्तर : पुरेशी नाही. एच ३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, आणि एच ३३४ म्हणजे श्वासातून गेल्यास ॲलर्जी, दमा किंवा श्वासाचा त्रास होऊ शकतो. पहिल्याबरोबर उद्गारचिन्हाचे चित्र असते. दुसऱ्याबरोबर छातीवर तारकेसारखी खूण असलेल्या माणसाचे. ही संकेतव्यवस्था जागतिक आहे, पण मिश्रणाच्या बाबतीत तिला उंबरठा आहे. सर्वसाधारणपणे ॲलर्जीकारक घटक १ टक्का किंवा अधिक असेल तरच मिश्रणावर संकेत येतो, आणि १-अ उपवर्गातील तीव्र घटकासाठी ०.१ टक्का. त्याहून कमी प्रमाण असेल तर संकेत नसतो, घटक मात्र असतो. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याला तेवढा पुरू शकतो.

मिथाइलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. आधी दुसऱ्या एका परिरक्षकाच्या जोडीने वापरले जाणारे हे द्रव्य तुलनेने सौम्य समजून पुढे एकट्याने, पण अधिक प्रमाणात वापरू दिले गेले. २००५ साली युरोपात प्रसाधनांमध्ये दशलक्षात १०० भागांपर्यंत त्याला परवानगी होती. पुढील काही वर्षांत युरोपभर संपर्क-ॲलर्जीची लाटच आली, त्यात भिंतीच्या पाणीमिश्रित रंगांमुळे हवेतून झालेले त्रासही होते. अखेर त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते वगळले गेले, आणि मिश्रणावर एच ३१७ लावण्यासाठी त्याला ०.००१५ टक्के ही खास मर्यादा ठरली. सर्वसाधारण १ टक्क्याशी ती ताडून पाहा.

तेव्हा माहितीपत्रकाच्या दुसऱ्या विभागातील संकेतांबरोबर तिसऱ्या विभागातील घटक आणि अकराव्या विभागातील विषशास्त्रीय माहितीही वाचावी. तेथे 'माहिती उपलब्ध नाही' आणि 'उपलब्ध माहितीनुसार वर्गीकरणाचे निकष पूर्ण होत नाहीत' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी दिसतात आणि वाचणाऱ्याला सारखीच वाटतात. पहिल्याचा अर्थ कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्याचा अर्थ पाहिले आणि आढळले नाही. पहिले वाक्य दिसले, तर पुरवठादाराला लेखी विचारावे : चाचणी झाली का, कोणती, आणि कोणत्या नमुन्यावर?

प्रश्न : त्वचेसाठी इतक्या चाचण्या आहेत, तर श्वसनमार्गाच्या ॲलर्जीसाठी का नाहीत? एखादे नवे रसायन दमा घडवेल की नाही, हे आम्ही कशावरून ठरवावे?
— औद्योगिक आरोग्याचे काम पाहणारे एक अभियंता

उत्तर : श्वसनमार्गाच्या ॲलर्जीसाठी नियामकांनी सर्वमान्य केलेली एकही चाचणी आजवर नाही, ना प्राण्यांवरची, ना नळीतली. यामागे आळस नाही. त्वचेबाबत जी साखळी उलगडली तशी फुप्फुसाबाबत पूर्णपणे उलगडलेली नाही. पिठाची धूळ, प्राण्यांची प्रथिने, धुण्याच्या पावडरीतील विकरे अशा मोठ्या रेणूंबाबत आयजीई या ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडांची भूमिका स्पष्ट आहे आणि ती रक्तात मोजताही येतात. फोम व पॉलियुरेथेन रंगांत वापरल्या जाणाऱ्या डायआयसोसायनेटांसारख्या लहान रेणूंबाबत मात्र निश्चित दमा असलेल्या अनेक कामगारांच्या रक्तात ती सापडत नाहीत. जे मोजायचे ते काय, यावरच एकमत नसेल तर मोजण्याची पद्धत प्रमाणित होणार कशी? जागतिक वर्गीकरणपद्धतीने हे ओळखून एक शहाणपणाचा निर्णय घेतला आहे, असे मला वाटते : एखाद्या रसायनाला श्वसन-ॲलर्जीकारक ठरवण्यासाठी प्रतिकारयंत्रणेचा मार्ग सिद्ध करावा लागत नाही, माणसांतील पुरावा असेल तर तो पुरतो.

याचा दुसरा अर्थ मात्र कटू आहे. माणसांतील पुरावा म्हणजे आधी कोणीतरी आजारी पडलेले असणे. धुण्याच्या पावडरीत जिवाणूजन्य विकरे घालू लागल्यावर, कारखान्यातील कामगारांना त्यांच्या धुळीने दमा होतो हे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतरच विकरांचे कण आवरणात बंद करून धूळ रोखण्याचे तंत्र सर्वत्र आले. प्लॅटिनमचे हॅलोजनयुक्त क्षार, थॅलिक, मॅलिक आणि ट्रायमेलिटिक ॲनहायड्राइड, केस फिकट करण्याची परसल्फेटे, सोल्डरिंगच्या राळेचा धूर, क्रियाशील रंगद्रव्ये, ग्लुटारल्डिहाइड अशी सगळी यादी आजाऱ्यांच्या नोंदींतून तयार झाली आहे.

नव्या रसायनाबाबत तरीही अगदी हात टेकण्याचे कारण नाही. पहिली पायरी रचनेची. आयसोसायनेट, चक्रीय ॲनहायड्राइड, किंवा प्रथिनाला धरू शकणारे दोन गट एकाच रेणूत, असे काही दिसले की चाचणीची वाट न पाहता त्याला संशयित धरावे. नव्या डायआयसोसायनेटाला, ते दमा घडवत नाही हे त्याच्या निर्मात्याने सिद्ध करेपर्यंत, जुन्यांच्याच पंगतीला बसवणे हेच योग्य. दुसरी पायरी त्वचेच्या चाचण्यांची. आजवर ज्ञात असलेली बहुतांश लहान रेणूंची श्वसन-ॲलर्जीकारके उंदरांवरील लसीका ग्रंथी चाचणीतही होकार देतात, आणि पेप्टाइडांच्या चाचणीत त्यांतील अनेकांचा कल सिस्टीनपेक्षा लायसिनकडे असतो. त्यामुळे त्वचेच्या चाचणीतील खणखणीत नकार, वर सांगितलेली उलटतपासणी करून, फुप्फुसाबाबतही काहीसा दिलासा देतो. होकार मात्र तेवढे सांगत नाही, कारण त्वचेची ॲलर्जी घडवणारी बहुसंख्य रसायने दमा घडवत नाहीत. आयसोसायनेट व ॲनहायड्राइड पाण्याशी झटपट अभिक्रिया करत असल्याने नळीतील त्यांचे निकाल हाताळताना तर दुप्पट सावध राहावे. तिसरी पायरी वापराची : पदार्थ उडून जातो का, फवारला जातो का, तापवला जातो का, त्याची धूळ होते का? वाफ किंवा तुषार जवळजवळ होतच नाहीत अशा बंद प्रक्रियेत आणि उघड्या फवारणीत एकच रसायन दोन वेगळ्या पातळ्यांचा धोका घडवते.

दाहक वायूमुळे होणारा दमा यात मिसळू नये. क्लोरीन किंवा अमोनियाची गळती होऊन एकाच वेळी भरपूर वायू छातीत गेला, तर २४ तासांच्या आत दम्यासारखी लक्षणे सुरू होऊ शकतात. त्यात संवेदीकरणाचा मूक काळ नसतो, आणि अशा घटनेवरून त्या वायूला एच ३३४ लावणे चूक ठरते.

प्रश्न : मी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग फवारतो. काडतुसाचा मास्क घातला की वास येत नाही. मग धोका टळला ना?
— एक फवारणी कारागीर

उत्तर : नाही. आयसोसायनेटाच्या वासावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. टोल्युइन डायआयसोसायनेटाचा वास जाणवू लागतो तोवर हवेतील प्रमाण मर्यादेच्या बरेच वर गेलेले असते. तुम्हाला येणारा वास बहुधा द्रावकाचा असतो, आणि तो थांबला म्हणजे आयसोसायनेट थांबले असे होत नाही. फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरावा, आणि फवारा बंद केल्यावर लगेच तो काढू नये, कारण न दिसणारे तुषार खोलीत काही काळ तरंगत असतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेतच. त्वचेवरून झालेल्या संपर्काने संवेदीकरण घडून पुढे श्वासावाटे दमा उद्भवू शकतो, असे मानण्यास प्राण्यांवरील प्रयोगांचा चांगला आधार आहे. युरोपीय संघात तर ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेले उत्पादन व्यावसायिक कामासाठी वापरण्याआधी प्रशिक्षण घेणे ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. सावधगिरी पुरी पडते का, हे पाहण्यासाठी कामानंतरच्या लघवीत आयसोसायनेटापासून तयार होणारी अमाइने मोजता येतात. मालकाकडे या चाचणीची मागणी करावी.

प्रश्न : माझे पती फोमच्या कारखान्यात काम करतात. रात्री त्यांना खोकला येतो, छातीत शिट्टीसारखा आवाज होतो; पण कामावर असताना विशेष काही होत नाही, आणि डॉक्टरांकडे जातो त्या दिवशी छाती साफ असते. हा कामाचाच त्रास आहे, हे कसे कळेल?
— एक वाचक

उत्तर : आपण लिहिलेले वर्णन कामामुळे होणाऱ्या दम्याशी जुळणारे आहे, विसंगत नाही. लहान रेणूंमुळे होणारी प्रतिक्रिया पुष्कळदा संपर्कानंतर काही तासांनी येते, त्यामुळे पाळीत ठीक आणि रात्री त्रास, असे घडते. प्रथम एक गोष्ट पाहा : साप्ताहिक सुट्टीत आणि विशेषतः लांब रजेत त्यांना बरे वाटते का? आजार जुना झाला असेल तर एका दिवसाच्या सुट्टीने फरक पडत नाही, म्हणून लांब रजेचा अनुभव अधिक सांगून जातो.

पुढची पायरी स्वस्त आणि घरी करता येण्यासारखी आहे. पीक फ्लो मीटर या छोट्या नळीत जोराने फुंकून आकडा लिहायचा. दिवसातून किमान चार वेळा, सुमारे चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. एकेक आकडा फारसे सांगत नाही. कामाचे दिवस आणि सुट्ट्या वेगळ्या दाखवून काढलेला आलेख मात्र बरेच सांगतो. हा आलेख, कामाच्या वेळांची नोंद आणि रसायनांची माहितीपत्रके घेऊन छातीविकारतज्ज्ञांना भेटावे. फोममध्ये डायआयसोसायनेट वापरतात, हे त्यांना स्पष्ट सांगावे, कारण रक्ततपासणीत प्रतिपिंडे न सापडल्यास निदान सोडून दिले जाण्याची शक्यता असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो नकार येथे निर्णायक नाही. संशयित रसायन मोजून हुंगायला देण्याची चाचणीही असते, पण ती केवळ विशेष केंद्रातच, देखरेखीखाली करावी. आलेख काढण्यासाठी ते कामावर राहणार असतील, तर तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. श्वास फार लागत असेल तर आधी काम थांबवावे आणि मोजणी नंतर. निदान झाल्यावर केवळ औषधे घेऊन त्याच जागी काम करत राहणे योग्य नाही. संपर्क जितका लवकर तुटतो तितकी बरे होण्याची शक्यता अधिक असते. उशीर झाल्यास काम सोडल्यानंतरही अनेकांचा दमा राहतो.

प्रश्न : ज्यांना आधीपासून सर्दी-शिंकांची किंवा धुळीची ॲलर्जी आहे, त्यांना अशा कामावर घेतलेच नाही तर प्रश्न सुटणार नाही का?
— मनुष्यबळ विभागातील एक अधिकारी

उत्तर : सुटणार नाही. विकरे, पीठ, प्रयोगशाळेतील प्राणी अशा मोठ्या प्रथिनांच्या बाबतीत आनुवंशिक ॲलर्जीप्रवृत्ती असलेल्यांना धोका अधिक असतो, हे खरे आहे. पण ही प्रवृत्ती इतक्या जणांत असते आणि त्यांतील इतक्यांना कधीच काही होत नाही, की ती चाळणी लावली तर बहुतेक निरोगी माणसांवरच अन्याय होतो. डायआयसोसायनेटांसारख्या लहान रेणूंबाबत तर या प्रवृत्तीचा धोक्याशी ठोस संबंध दिसलेला नाही. प्लॅटिनमच्या क्षारांबाबत धूम्रपान करणाऱ्यांत संवेदीकरण अधिक आढळते, तरी धूम्रपान न करणारेही त्यातून सुटत नाहीत. निवडीवर होणारा खर्च वायुवीजनावर आणि फवारणीकक्ष बंदिस्त करण्यावर करावा. कामावर घेताना प्रत्येकाची फुप्फुसक्षमता मोजून ठेवावी, ती वगळण्यासाठी नव्हे, तर पुढे तक्रार आल्यावर तुलनेला आधार असावा म्हणून. पहिल्या एक-दोन वर्षांत तपासण्या अधिक वेळा कराव्यात, कारण आयसोसायनेटांचा त्रास पुष्कळदा त्याच काळात सुरू होतो. आणि एखाद्याला ॲलर्जी झाल्याचे निष्पन्न झाले, तर ते पुरवठादाराला लेखी कळवावे. एच ३३४ सारखे संकेत अशाच नोंदींवरून लागतात.